लस, ताप आणि नोंदवही : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणातून मिळालेले धडे



प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे हिशेब व कर्मचाऱ्यांच्या पाळ्या पाहणे हे त्याचे काम. तरीही वैद्यकीय विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण लसीकरणानंतरचा त्रास हा जितका वैद्यकाचा, तितकाच व्यवस्थापनाचा विषय आहे, हे अनुभवाने पटले आहे.

एका रात्रीची गोष्ट

दि. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. आपल्या कर्मचाऱ्यांची नावे यादीत आली, तेव्हा नशिराबादहून जळगावला वारंवार गाडी पाठविण्याचा खर्च वाचावा, म्हणून एका संपूर्ण विभागाला मी एकाच दिवशी, एकाच गाडीतून पाठविले. डिझेलची बचत झाली, याचे समाधानही वाटले.

त्याच रात्री त्या विभागातील बहुतेक परिचारिकांना थंडी वाजून ताप भरला. रात्रपाळीला माणूस उरेना. अखेर सिस्टर इनचार्जनी स्वतः अंगात कणकण असताना पहाटेपर्यंत विभाग सांभाळला. रुग्णांच्या सेवेत खंड पडला नाही, हे श्रेय त्यांचे. नियोजनातील चूक मात्र सर्वस्वी माझी होती.

ताप का येतो?

लस टोचल्यावर शरीर तिला परके समजून प्रतिकाराची तयारी करते. त्या तयारीत जी रसायने स्रवतात, त्यांमुळे ताप, अंगदुखी, डोकेदुखी, थकवा जाणवतो; टोचलेल्या जागी सूज व वेदना येते. कोविशील्डच्या बाबतीत हा त्रास पहिल्या मात्रेनंतर अधिक आणि तरुणांमध्ये अधिक आढळतो. तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत सुरू होऊन दोन-तीन दिवसांत शमतो. विश्रांती, भरपूर पाणी व डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल एवढे सहसा पुरते. ज्यांना ताप आला नाही, त्यांना लस लागू झाली नाही, असा समज मात्र चुकीचा आहे.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. खोकला, घसा दुखणे, वास न येणे ही लसीची लक्षणे नव्हेत. अशी लक्षणे दिसल्यास ‘लसीचाच ताप’ म्हणून कामावर न येता आधी तपासणी करून घ्यावी. अन्यथा संसर्ग रुग्णांपर्यंत पोहोचतो.

गंभीर त्रास : लपवू नये, फुगवू नये

तीव्र ॲलर्जी हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा प्रकार होय. म्हणूनच लसीनंतर अर्धा तास थांबविले जाई. श्वास लागणे, चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे ही तिची लक्षणे. मांडीच्या स्नायूत तत्काळ दिलेले ॲड्रेनॅलिन हा तिच्यावरील पहिला उपाय. कोविशील्डनंतर अत्यल्प लोकांमध्ये रक्तात गुठळ्या होण्याचा विकारही आढळला. तीव्र डोकेदुखी, छातीत वा पोटात दुखणे, धाप लागणे, पायावर सूज अशी लक्षणे लसीनंतरच्या वीस दिवसांत दिसल्यास त्वरित दाखवावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ मध्ये सुचविले होते.

त्याच वेळी राष्ट्रीय समितीचे आकडे प्रसिद्ध झाले. दि. ३ एप्रिल २०२१ पर्यंत देशात सुमारे ७ कोटी ५४ लाख मात्रा देण्यात आल्या होत्या. त्यानंतरच्या २३ हजारांहून अधिक तक्रारींची नोंद झाली. त्यांपैकी ७०० गंभीर होत्या. समितीने त्यांतील ४९८ प्रकरणांचा सखोल अभ्यास केला असता गुठळ्यांची संभाव्य प्रकरणे २६ निघाली. दहा लाख मात्रांमागे एकाहूनही कमी असा हा दर होता. पुढे जून २०२१ मध्ये तीव्र ॲलर्जीमुळे झालेला एक मृत्यूही समितीने लसीशी निगडित असल्याचे मान्य केले. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला दर दहा लाखांचे गणित सांत्वन देऊ शकत नाही, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा दाखला

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला, वेदना झाल्या. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पद गमवावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे पुढे उजेडात आले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

म्हणून त्रास झाला की प्रथम विचारावे : हा लसीच्या घटकांचा परिणाम, लसीच्या दर्जातील दोष, देण्यातील चूक, भीतीमुळे आलेली भोवळ, की केवळ योगायोगाने त्याच वेळी उद्भवलेला आजार? आजही चौकशीची वर्गवारी याच पाच प्रकारांत होते. आणि उत्तर मिळते ते नोंदीवरूनच.

आमच्या नोंदवहीतील चूक

त्या आठवड्यात आम्ही नोंदवही ठेवली होती. सफाईकाम करणाऱ्या एका मावशींच्या नावापुढे ‘तक्रार नाही’ असे लिहिलेले होते. काही दिवसांनी सहज विचारले, तेव्हा कळले की दोन दिवस ताप अंगावर काढून त्या फरशी पुसत होत्या. “साहेब, ताप सांगितला असता तर रोज बुडाला असता,” एवढेच त्या म्हणाल्या.

हिशेबनीसाला याहून मोठी चपराक कोणती? नोंद खोटी नव्हती, पण खरे सांगणे ज्यांना परवडत नाही, त्यांची नोंद खरी असणार कशी? चुकलेल्या कीर्दीवरून खतावणी बरोबर येत नाही.

आता आम्ही काय करतो

१. एका विभागातील एक तृतीयांशाहून अधिक कर्मचाऱ्यांना एका दिवशी लस दिली जात नाही. गाडीच्या फेऱ्या वाढल्या तरी चालेल.
२. रात्रपाळीच्या आदल्या दिवशी वा त्याच दिवशी लस ठेवली जात नाही.
३. लसीनंतरच्या तापाची सुट्टी भरपगारी धरली जाते. रोजंदारीवरील मावशी व मामांनाही हाच नियम लागू आहे.
४. दुसऱ्या व सातव्या दिवशी प्रत्येकाची प्रत्यक्ष विचारपूस होते. गंभीर तक्रार चोवीस तासांच्या आत शासकीय यंत्रणेस कळविली जाते.

कोविडची लाट ओसरली, तरी या नियमांचे काम संपलेले नाही. रक्ताने माखलेली सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला बाधित रुग्णाकडून कावीळ ‘ब’ होण्याचा धोका सहा ते तीस टक्क्यांपर्यंत असतो. तीन मात्रांची लस तो टाळते. तिचा त्रास बहुधा दंडदुखी व किंचित कणकण एवढाच. ही सुई कचरा उचलणाऱ्या हातांनाही टोचते.

विश्वस्त व देणगीदारांना नम्र विनंती की, यंत्रसामग्रीच्या देणगीसोबत या भरपगारी सुट्टीच्या छोट्या खर्चाकडेही ममत्वाने पाहावे. ताळेबंदात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे. पण ‘मला ताप आहे’ हे निर्भयपणे सांगता येणे, हीच रुग्णसेवेची पहिली नोंद होय.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी