हेब्बाळचे सांडपाणी : प्रक्रिया, ऊर्जा आणि अर्थकारण

बंगळूरुचे सांडपाणी मुख्यत्वे वृषभावती, कोरमंगल-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या तीन खोऱ्यांतून वाहते. हेब्बाळ-नागवार प्रकल्पात दररोज 210 दशलक्ष लिटर प्रक्रिया केलेले पाणी प्रामुख्याने चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील तलावांत सोडून भूजल पुनर्भरण करण्याची योजना आहे. त्यामुळे शहरातील प्रक्रियेचा दर्जा हा अवर्षणग्रस्त शेतकऱ्याच्या विहिरीचाही प्रश्न ठरतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या आकडेवारीनुसार देशाच्या नागरी भागात दररोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रत्यक्ष प्रक्रिया मात्र 20,236 दशलक्ष लिटरवरच होत होती. या तफावतीमागे भांडवलाच्या टंचाईबरोबरच केंद्रे चालविण्याचा खर्च, विशेषतः विजेचा खर्च, हेही कारण आहे.

प्रचलित पद्धतीत जीवाणूंना हवा पुरवावी लागते व केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी त्यावरच खर्च होते. अ‍ॅनएरोबिक मेम्ब्रेन बायोरिअ‍ॅक्टरमध्ये जीवाणू ऑक्सिजनविना सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात. त्यातून मिथेनयुक्त बायोगॅस मिळतो व गाळही कमी निर्माण होतो. अतिसूक्ष्म छिद्रांचे पटल जीवाणूंना टाकीतच रोखते आणि गाळलेले पाणी बाहेर येते. कानपूर येथे 1989 मध्ये सुरू झालेल्या यूएएसबी संयंत्रातही विघटन ऑक्सिजनविनाच होत असे. परंतु पटलाअभावी अशा संयंत्रांतील पाण्यावर पुढील प्रक्रिया आवश्यक ठरत असे.

एक उदाहरण घेऊ. एक दशलक्ष लिटर सांडपाण्यातील रासायनिक ऑक्सिजन मागणी (सीओडी) 400 किलो असून तिच्यापैकी 80 टक्के, म्हणजे 320 किलो, दूर झाली असे मानू. प्रतिकिलो 0.35 घनमीटर या प्रमाणाने 112 घनमीटर मिथेन मिळेल. एका घनमीटरपासून सुमारे 3 युनिट वीज धरल्यास 336 युनिट होतात. ही सैद्धांतिक कमाल मर्यादा आहे. काही मिथेन पाण्यात विरघळून बाहेर जातो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट असल्याने, तो परत मिळविला नाही तर पर्यावरणीय लाभ घटतो. पटलावर साचणारा थर काढण्यासाठी ऊर्जा व रसायने लागतात. ठरावीक काळाने पटल बदलण्याचा खर्चही येतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, या पद्धतीत नायट्रोजन व फॉस्फरस फारसे दूर होत नाहीत. थेट सिंचनासाठी तीच पोषकद्रव्ये खताची बचत करतात. तलावात मात्र ती शेवाळ व जलपर्णी वाढवितात. म्हणून हेब्बाळसारख्या तलाव-पुनर्भरण योजनेत हे तंत्रज्ञान वापरायचे झाल्यास पोषकद्रव्ये काढण्याचा पुढील टप्पा अपरिहार्य ठरेल आणि त्याचा खर्च हिशेबात धरावाच लागेल.

सारांश, तंत्रज्ञानाची निवड केवळ विजेच्या बचतीवरून करता येत नाही. पाणी कोठे जाणार, हे प्रथम ठरवावे लागते. पुढील टप्पा वगळून शहराने वाचविलेला पैसा ही बचत नव्हे. तो खर्च तलावकाठच्या गावांवर ढकलला जातो. अर्थशास्त्रात यालाच ‘नकारात्मक बाह्यता’ म्हणतात.