आवाज ओळखा



उत्पत्तीच्या 27व्या अध्यायात इसहाक म्हातारा झाला आहे, त्याला दिसत नाही. याकोब थोरल्या भावाची वस्त्रे घालून, हातांवर करडांची कातडी बांधून त्याच्यापुढे येतो. हा आवाज एसावाचा नाही, हे इसहाकाला कळते. तो शंका बोलूनही दाखवतो. पण मग हात चाचपतो, वस्त्रांचा वास घेतो आणि आशीर्वाद देऊन टाकतो. कानांनी खरे सांगितले होते. तो थांबला नाही.

हा अध्याय मी अनेकदा शिकवला आहे. गेल्या पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावर तो मला नव्याने समजला. आमच्या बचत गटातील एका बहिणीला फोन आला : "किसान सन्मान निधीचा हप्ता अडकलाय, आजच केवायसी करा." व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल आली. मुलाने ती उघडली, त्यात खाते क्रमांक आणि पिन भरला. बियाणे-खतासाठी ठेवलेले अकरा हजार रुपये गेले.

ती मला म्हणाली, "ताई, बोलणं सरकारी माणसाचं वाटत नव्हतं. मनात आलं होतं. पण त्यानं माझं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं."

नाव आणि गाव, हीच ती करडांची कातडी!

पाच दिवस तिने कोणाला सांगितले नाही. नवरा रागावेल, मंडळीत लोक हसतील, ही भीती. तोवर पैसे पुढे निघून गेले होते.

म्हणून एवढे लक्षात ठेवू या :

1. ओटीपी किंवा पिन फोनवर कोणालाही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

2. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाईल उघडू नये. तिच्यातून आपले मेसेज चोराला वाचता येतात. योजनेचे काम स्वतः सेवा केंद्रात जाऊन करावे.

3. 'डिजिटल अरेस्ट' असे कायद्यात काही नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. शहरातल्या आपल्या निवृत्त वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा.

4. समोरचा घाई करू लागला, 'कोणाला सांगू नका' म्हणाला, की फोन ठेवावा. घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलावे. खात्री करायची तर पासबुकावरील नंबर लावावा किंवा शाखेत जावे.

5. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या नंबरवर तक्रार करावी आणि बँकेला कळवावे. चोराने पैसे काढून घेतलेले नसतील, तर ते पुढच्या खात्यात रोखता येतात.

इसहाकाला दिलेला आशीर्वाद परत घेता आला नाही. आपल्याला काही तासांची संधी असते, आणि ती लाजेपायी हातची जाते. फसवणे हे पाप आहे, फसणे नाही.

त्या बहिणीने नंतर गटाच्या बैठकीत सगळे सांगितले. ती बोलून खाली बसली, तेव्हा मागून एक आजी हळूच म्हणाली, "माझेही गेले होते. दोन वर्षं झाली."

येत्या रविवारी उपासनेनंतर शेजारी बसलेल्या वृद्धांच्या मोबाईलमध्ये 1930 हा नंबर घालून द्या. आणि कोणी फसल्याचे सांगितले, तर आधी ऐकून घ्या. दोष देऊ नका.