परसात वेल की वृक्ष? रताळे आणि निंब यांचा ताळेबंद



आमच्या विभागाचे काम उसाचे. लागण, बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांत आमचे वर्ष सरते. परंतु गटात फिरताना चहा घ्यायला आपण ओसरीवर बसतो, तेव्हा घरामागच्या परसाकडेही नजर जातेच. एकरी टनेजचा हिशेब तोंडपाठ असलेल्या आपल्या घरात भाजी मात्र बाजारातून येते, आणि परसात मोडका नांगर, जुने पाईप व गवत असते. म्हणून या वेळी परसबागेचा पाठ घेतला आहे. त्याला कारणही घडले आहे.

घडलेली हकीगत

तापी-गोमाईच्या संगमावरील आपल्या प्रकाशा गावच्या एका सभासदाच्या परसात जुना निंब आहे. घरातील सूनबाईंनी विचारले, "साहेब, घरापुरती रताळी कुठं लावू?" मोरीचे पाणी निंबाजवळून वाहते, ते वाया जाऊ नये म्हणून आम्ही निंबाच्या उत्तरेची, त्याला लागूनच असलेली जागा दाखविली. दसऱ्याच्या सुमारास बेणे लावले. वेल असा माजला की येणारा-जाणारा बघत राही. महाशिवरात्रीला केदारेश्वराच्या दर्शनाला पाहुणे आले, उपवासासाठी वाफा खणला, आणि हाती आली ती करंगळीएवढी मुळे!

मुलगा चिडून म्हणाला, "या निंबानंच सगळं खाल्लं. तोडूनच टाकतो." आबा खाटेवरून उठले. "मे महिन्यात मी कुठं निजू ते आधी सांग," एवढेच ते बोलले. मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले. सल्ला आमचाच होता, तेव्हा चूक कोठे झाली हे शोधणे आम्हाला भाग होते.

चूक कोठे झाली?

पहिले कारण सावली. रताळे म्हणजे पानांनी उन्हात तयार केलेले पीठ आणि साखर मुळात साठविणे. उसाच्या कांड्यात साखर भरते तसेच हे आहे. ऊन कमी पडले की वेल उजेडाच्या शोधात लांबत जातो आणि साठवण राहून जाते. झाडाखालचा ऊस कसा रोडावतो, हे आपण बांधावर पाहतोच.

दुसरे कारण युरिया. मुलाने उसाच्या सवयीने वाफ्यात दोनदा युरिया टाकला होता. नत्र व पाणी जास्त झाले की रताळ्याचा पाला वाढतो आणि कंद पोसत नाहीत.

म्हणजे निंब निम्माच दोषी होता. बाकीचा दोष जागा दाखविणाऱ्याचा व खत टाकणाऱ्याचा.

सूर्याचा हिशेब

प्रकाशा सुमारे 21.5 उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेरीस दुपारचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो व झाडाची सावली बुंध्याभोवतीच पडते. डिसेंबर अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून 45 अंशांवर असतो. त्या वेळी झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी लांब आणि उत्तरेकडे पडते. निंब 30 फूट उंच असेल तर सावलीही 30 फूट. आम्ही वाफा नेमका तेथेच घातला होता!

यावरून दोन नियम निघतात. सावलीचे झाड घराच्या पश्चिमेस लावावे, म्हणजे उन्हाळ्यात दुपारनंतरचे तापते ऊन भिंतीवर येत नाही. आणि भाजीचा वाफा झाडाच्या दक्षिणेस, फांद्यांच्या घेराबाहेर घ्यावा, म्हणजे हिवाळ्यात त्याला दिवसभर ऊन मिळते. निंबाची मुळे घेराबाहेरही जातात, म्हणून शक्य तितके अंतर सोडावे.

रताळ्याचा वेल

रताळे मूळचे अमेरिका खंडातले. आज ते आपल्या एकादशीला इतके रुळले आहे की परके वाटतच नाही. लागवड उसासारखीच, बियांऐवजी बेण्याने होते. निरोगी वेलाच्या शेंड्याकडील सुमारे एक फूट लांबीचे तुकडे घ्यावेत व मधले डोळे मातीत दाबावेत.

तापीकाठची काळी जमीन भारी. तीत पाणी साचते व कंद नीट फुगत नाही. म्हणून सरी-वरंबे करावेत, चांगले कुजलेले शेणखत किंवा कारखान्याच्या मळीचे कुजलेले खत मिसळावे आणि वरंब्यावर लावावे. चुलीची राख टाकावी. तिच्यात पालाश असते व कंदाला ते मानवते. युरियाचा हात आखडता ठेवावा.

दोन ओळींत दोन फूट व दोन वेलांत एक फूट अंतर धरल्यास अर्ध्या गुंठ्यास, म्हणजे सुमारे 545 चौरस फुटांस, 270 तुकडे लागतात. वेल पसरला की अधूनमधून उचलून ठेवावा, नाहीतर पेरापेरावर मुळे फुटतात व अन्न वाटले जाते. साधारण चार महिन्यांत पीक तयार होते. हेक्टरी 10 टन धरले तर गुंठ्याला एक क्विंटल व अर्ध्या गुंठ्याला अर्धा क्विंटल पडते. घराला ते पुष्कळ झाले. कोवळ्या पानांची भाजी होते आणि उरलेला पाला जनावरे आवडीने खातात.

मोठा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. त्याची अळी कंदातच राहते, त्यामुळे वरून फवारून भागत नाही, आणि पोखरलेले रताळे कडू लागते. बेणे निरोगी घ्यावे, उघडे पडलेले कंद मातीने झाकावेत, तयार पीक जमिनीत ठेवू नये व दर वर्षी जागा बदलावी.

जातीबद्दल एक गोष्ट माताभगिनींनी ध्यानात घ्यावी. पांढऱ्या गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व नाममात्र, तर नारिंगी गराच्या रताळ्यात त्याचा भरपूर साठा असतो. डोळ्यांच्या आरोग्यासाठी लहान मुलांना ते फार मोलाचे आहे. आफ्रिकेत नारिंगी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या देशातही 'भू सोना' ही नारिंगी गराची जात निघाली आहे.

एक इशारा. कालव्याच्या व नाल्याच्या काठी माजणारी बेशरम ही रताळ्याच्याच भाऊबंदांपैकी. फूल सारखे दिसते, पण ती विषारी आहे. शेळ्या-मेंढ्यांना तिच्यापासून दूर ठेवावे.

निंबाचे झाड

रताळे चार महिन्यांत हिशेब चुकते करते. निंब चार-पाच वर्षे काही देत नाही, मग पिढ्यान् पिढ्या देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडतात व पाडव्याच्या सुमारास नवी पालवी येते. म्हणजे सावली दाट होते ती आपल्याला हवी तेव्हाच. पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या घरात म्हातारे माणूस, बाळंतीण व तान्हे मूल यांना निंबाखालची खाट हाच आधार असतो. त्याची किंमत बाजारभावाने लावता येत नाही.

पावसाच्या तोंडाशी पिकलेल्या लिंबोळ्या गोळा करून, धुऊन सावलीत वाळवाव्यात. 5 किलो गराची भुकटी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून तीत 200 ग्रॅम साबणाचे पाणी मिसळावे व एकूण 100 लिटर पाणी करावे. हा पाच टक्के निंबोळी अर्क भाजीपाल्यावरील मावा व पाने खाणाऱ्या अळीवर ताजा असतानाच संध्याकाळी फवारावा. याच झाडाच्या बुरशीनाशक गुणावर परदेशात घेतलेले पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने 2000 साली रद्द केले, कारण ते ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते. घरची लिंबोळी अशी पायदळी तुडवू नये.

नवीन झाड लावायचे तर बी ताजेच पेरावे. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. घराच्या पायापासून व विहिरीपासून 15-20 फूट अंतर ठेवावे.

मग निवड कोणाची?

परस अगदीच चिंचोळा असेल आणि घरावर शेजारच्या झाडाची सावली असेल, तर वेल निवडावा. घर उघड्यावर व पत्र्याचे असेल, तर आधी झाड लावावे व ते वाढेपर्यंत मोकळ्या जागेत रताळी घ्यावीत. दोन-तीन गुंठे असतील तर दोन्ही घ्यावीत, मात्र दिशा पाहून. उभे असलेले जुने झाड वाफ्यासाठी तोडू नये. वाफा एका दिवसात हलविता येतो, पण तीस वर्षांची सावली कोणत्याही दुकानात मिळत नाही.

प्रकाशाच्या त्या घरी आम्ही हेच केले. निंब राहिला. वाफा दक्षिणेस 25 फुटांवर हलविला, मोरीचे पाणी चर काढून तिकडे नेले आणि युरियाची गोणी कुलपात ठेवली. पुढच्या महाशिवरात्रीला सूनबाईंनी उकडलेली रताळी पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, या खेपेला खाऊन बघा." आबा खाटेवरून हसत होते. खाट अर्थातच निंबाखाली होती.

सभासदांनी वाफा आखण्यापूर्वी एवढेच करावे. एखाद्या हिवाळ्यात दुपारी बारा वाजता परसात उभे राहून सावली कोठवर पडते तेथे खुंटी ठोकावी. त्या खुंटीच्या आत रताळी लावू नयेत. आमच्या चुकीतून मिळालेला हा धडा आपल्याला फुकट मिळत आहे, त्याचा लाभ घ्यावा, ही विनंती.