सातबारा, बेदाणे आणि अमेरिकेतली फी

प्रश्न : आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. मुलगी बारावीला आहे, तिला पदवीसाठी अमेरिकेत जायचंय. अर्जात ‘आर्थिक मदत हवी आहे का?’ असं विचारतात. क्लासचे सर म्हणाले, ‘नाही लिहा. हो लिहिलंत तर प्रवेशच मिळणार नाही. एकदा आत गेली की मग मागा.’ खरं आहे का? आणि शेतीचं उत्पन्न दाखवायचं कसं? आम्ही आयकर कधी भरलेला नाही.
— एक पालक, तासगाव

उत्तर : सरांचं पहिलं म्हणणं निम्मं खरं आहे. दुसरं मात्र घर धुऊन नेईल.

काही विद्यापीठं प्रवेश ठरवताना घरच्या पैशाकडे बघतच नाहीत. त्याला ‘नीड-ब्लाइंड’ म्हणतात. परदेशी मुलांनाही असं वागवणारी अगदी मोजकी आहेत : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, ब्राउन आणि आणखी दोन-चार. तिथे ‘हो’ लिहिल्याने काही बिघडत नाही. बाकीची ‘नीड-अवेअर’. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलसुद्धा परदेशी मुलांच्या बाबतीत याच गटात येतात. तिथे मदत मागणाऱ्या मुलीचा अर्ज जास्त कसाला लागतो, हे कबूल.

पण ‘नंतर मागू’ हा बेत बहुतेक ठिकाणी फसतो. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर अनेक विद्यापीठं पुढची चारही वर्षं त्याला दारात उभं करत नाहीत. मोठ्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च आज ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. ‘नाही’ लिहून मिळालेल्या प्रवेशाचं तुम्ही काय करणार? पत्र फ्रेम करून भिंतीला लावाल, एवढंच.

या मदतीचा हिशेब वजाबाकीचा असतो. वर्षाच्या एकूण खर्चातून तुमचं घर जेवढं देऊ शकेल तेवढं वजा करायचं, उरेल ती तुमची ‘गरज’. काही विद्यापीठं ही गरज शंभर टक्के भागवतात. फक्त गरज किती, हे ती ठरवतात, तुम्ही नाही. हुशारीसाठी म्हणून आयव्ही लीगमधली आठही विद्यापीठं एक डॉलर देत नाहीत. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी मंजूर केलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांवर. तेव्हा गुण पारखणारा एक राजा होता. आता तुमची गाठ एका लांबलचक फॉर्मशी आहे.

त्या फॉर्मचं नाव सीएसएस प्रोफाइल. कॉलेज बोर्ड ही संस्था तो चालवते. पहिल्या विद्यापीठासाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर पडतात. मदत मागायला आधी पैसे मोजायचे, हा विनोद माझा नाही. पण विद्यापीठाच्या कार्यालयाला साधं ईमेल करून शुल्कमाफी मागा, पुष्कळ ठिकाणी देतात. आकडे रुपयांतच भरता येतात. नातेवाईक ज्या ‘फाफ्सा’ची आठवण करून देतील तो सरकारी मदतीचा फॉर्म, तो अमेरिकी नागरिकांसाठी आणि तिथे कायम राहण्याचा हक्क असलेल्यांसाठी आहे. मुलीचा जन्मच अमेरिकेत झाला असेल तर गोष्ट वेगळी. मग ती तासगावात वाढली असली तरी तो भरू शकते.

आता शेती. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न आयकर कायद्यानुसार करमुक्त आहे. तिथल्या टेबलावरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. ‘रिटर्न नाही’ एवढंच वाचलं तर त्याच्या भुवया उंचावतील. म्हणून एक पानाचं पत्र जोडा. बाग किती, बेदाणा किती निघाला, सौद्यात काय दर मिळाला, औषधं-खतं-मजुरीला किती गेले, सोसायटीचं कर्ज किती आहे, हे सगळं सरळ लिहा. सोबत अडत दुकानाच्या पट्ट्या आणि पासबुकाची पानं इंग्रजी भाषांतरासह द्या. सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर दोन भावांची नावं असतील तर सगळी जमीन तुमच्या नावावर मांडू नका, फक्त तुमचा हिस्सा दाखवा, आणि उतारा तीन नावांचा का आहे ते दोन ओळींत सांगा. अवकाळीने एखादं वर्ष गेलं असेल तर फॉर्ममध्ये ‘विशेष परिस्थिती’साठी जागा असते, तिथे लिहा. गारपीट म्हणजे काय हे परक्या माणसालाही कळतं. ‘यंदा माल गेला’ एवढ्यावरून मात्र काही कळत नाही.

एका गोष्टीवर थोडा थांबतो, कारण घरं इथेच चुकतात. माझ्या ओळखीच्या एका घरात दोन फायली होत्या. मदतीच्या फॉर्मला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लावला होता, वार्षिक ऐंशी हजारांचा. प्रवेशानंतर विद्यापीठाकडून आय-२० हा कागद यावा लागतो, त्यावरच व्हिसाचा अर्ज होतो. त्यासाठी पहिल्या वर्षाचे पैसे आहेत हे दाखवायचं असतं. तिथे एजंटच्या सांगण्यावरून मेहुण्याकडून चार दिवसांसाठी पंचवीस लाख खात्यात फिरवून घेतले होते. दोन्ही फायली एकाच विद्यापीठात, बहुधा एकाच मजल्यावर पोहोचल्या. पुढे काय झालं हे सांगायला नको. शिवाय ऐंशी हजारांत राहणाऱ्या घराने क्लासला दीड लाख कसे भरले, हेही फॉर्ममधूनच दिसतं, कारण तो खर्चही विचारतो. जे उत्पन्न आहे तेच दोन्हीकडे दाखवा. मदत मंजूर झाली की आय-२०साठी फक्त उरलेल्या रकमेचा पुरावा लागतो; पंचवीस लाखांची गरजच पडत नाही.

मदतीच्या पत्रात विमानाचं भाडं आणि आरोग्यविमा धरला आहे का, तेवढं पाहा. ट्यूशन फी आणि पुस्तकांपुरती मदत करमुक्त असते, पण खोली-जेवणापोटी मिळालेल्या भागावर अमेरिकेत कर लागतो; विद्यार्थी व्हिसावर साधारण १४ टक्के कापतात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या मुलांना तिथली प्रमाणित वजावट मिळते, ती इतर बहुतेक देशांच्या मुलांना नाही. मुलीने दरवर्षी रिटर्न भरलं तर कापलेल्यातलं बरंच परत येऊ शकतं. तासगावच्या घरातलं पहिलं रिटर्न अमेरिकेत भरलं जाईल!

मुदतीचं सांगतो. लवकरच्या फेरीचे अर्ज साधारण १ नोव्हेंबरपर्यंत जातात, नेहमीच्या फेरीचे जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे पहिली तारीख नेमकी तुमच्या फळछाटणीच्या धांदलीत येणार. पट्ट्या आणि पासबुकं गणपतीतच काढून ठेवा.