इंजेक्शननंतर पोट फुगले तर गॅस समजू नका

मूल होत नाही म्हणून टेस्ट ट्यूब बेबीचे, म्हणजे आयव्हीएफचे, उपचार घेणाऱ्या भगिनी आता आपल्या वस्त्यांतही आहेत. कर्ज काढून उपचार होतात. मध्येच पोट फुगले, दम लागला, तर घरचे म्हणतात, "गॅस झाला असेल, सहन कर." ही समजूत जिवावर बेतू शकते. म्हणून या वेळी आपण हा त्रास समजून घेऊ.

शरीरात काय घडते?
दर महिन्याला अंडाशयात साधारण एकच स्त्रीबीज पिकते. त्यासाठी तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. हे काम व्हीईजीएफ नावाचे प्रथिन करते. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करणे हाही त्याचा गुण. 1983 साली शास्त्रज्ञांनी ते आधी याच गुणावरून ओळखले होते.

आयव्हीएफमध्ये हार्मोनची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात. शेवटी बीजे पक्व होण्यासाठी बहुधा एचसीजी हे हार्मोन टोचतात. त्याने व्हीईजीएफ वाढते. बीजकोश खूप असतील तर ते फार वाढते, रक्तातले पाणी झिरपून पोटात साठते आणि रक्त घट्ट होते. मग लघवी कमी होते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. या त्रासाला डॉक्टर ओएचएसएस म्हणतात.

गर्भ राहिला की शरीर स्वतःच एचसीजी बनवते. म्हणून आनंदाची बातमी आल्यावर त्रास वाढूही शकतो.

धोका कोणाला जास्त?
पीसीओडी असलेल्या, तरुण, सडपातळ आणि पूर्वी हा त्रास झालेल्या स्त्रियांना.

ताबडतोब दवाखान्यात केव्हा जावे?
- पोट ताणले, खूप दुखू लागले
- वारंवार उलट्या, पाणीही ठरत नाही
- लघवी कमी झाली
- एका दिवसात वजन किलोभर वाढले
- दम लागतो, छातीत दुखते
- एक पाय सुजला, दुखतो

रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. रात्र असली तरी थांबू नका. डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख सांगा, कागद सोबत न्या.

आधीच काय विचारावे?
"मला या त्रासाचा धोका किती? एचसीजीऐवजी दुसरे इंजेक्शन चालेल का? गर्भ गोठवून पुढच्या महिन्यांत ठेवता येईल का? रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा?" व्हीईजीएफचा परिणाम कमी करणारी कॅबरगोलिन ही गोळीही असते. ती द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

बीजदान करणाऱ्या भगिनींसाठी
पैशांच्या आमिषाने स्त्रीबीज द्यायला सांगणारे दलाल गरीब वस्त्यांत फिरतात. बीज देणारीलाही हीच इंजेक्शने घ्यावी लागतात, हाच धोका असतो. 2021 च्या कायद्यानुसार दात्या स्त्रीचे वय 23 ते 35 असावे, आयुष्यात एकदाच बीजदान करता येते, सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिच्या नावे विमा काढावा लागतो. स्त्रीबीजाची विक्री गुन्हा आहे. न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या.

आम्ही घरच्या पुरुषांना आणि सासवांना सांगतो : मूल हवे म्हणून सुनेचा जीव पणाला लावू नका. ती "त्रास होतोय" म्हणाली, की तिचे ऐका.