आवक, भाव आणि सहसंबंधाच्या दोन रीती

चाकणच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की भाव उतरतो, हे खेड तालुक्यातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु किती आवक वाढली म्हणजे भाव किती उतरतो, आणि उद्या माल बाजारात न्यावा की चाळीत ठेवावा, असे तो विचारतो तेव्हा नुसत्या अंदाजाने भागत नाही. मग बाजाराचे आकडे मांडून सहसंबंधांक काढला जातो. गणित बिनचूक असूनही त्यावरून दिलेला सल्ला चुकीचा ठरू शकतो. तो कसा, ते येथे पाहू.

सहसंबंधांक काढण्याच्या दोन रीती विशेष प्रचलित आहेत. पहिली रेषीय सहसंबंधाची. ती कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. तीत प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे हे मोजतात. दुसरी क्रम-सहसंबंधाची. ती चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडली. तीत मूळ आकडे बाजूस ठेवून केवळ लहानमोठेपणाचे क्रमांक घेतात. दोहोंचे उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान येते.

समजा, सहा बाजारदिवसांची आवक अनुक्रमे ५, ६, ७, ८, ९ व ३० हजार क्विंटल आहे, आणि क्विंटलचा भाव १४००, १५००, १३५०, १५५०, १४५० व ६०० रुपये आहे. (हे आकडे केवळ शिकविण्यासाठी घेतलेले आहेत, बाजार समितीच्या दप्तरातील नव्हेत.) रेषीय सहसंबंधांक उणे ०.९६ येतो. हे पाहून कोणीही म्हणेल की संबंध पक्का आहे. सरळ रेषा काढल्यास आवक हजार क्विंटलने वाढली की भाव सुमारे ३६ रुपयांनी उतरतो, असेही दिसेल.

आता शेवटचा दिवस झाकून पाहा. उरलेल्या पाच दिवसांचा रेषीय सहसंबंधांक अधिक ०.३० येतो! म्हणजे आवक वाढत असता भाव उतरण्याऐवजी किंचित चढलाच आहे. उणे ०.९६ हा सगळा त्या एका दिवसाचा प्रताप होता.

क्रमाच्या रीतीने काय होते? सर्वांत लहान आकड्यास १ क्रमांक द्यावा. आवकीचे क्रमांक १ ते ६ ओळीने येतात. भावाचे ३, ५, २, ६, ४, १ असे येतात. प्रत्येक दिवसाच्या दोन क्रमांकांतील फरकाचा वर्ग करावा: ४, ९, १, ४, १, २५. बेरीज ४४. तिला ६ ने गुणावे, म्हणजे २६४. दिवसांच्या संख्येच्या वर्गातून १ वजा करून (३५) त्यास दिवसांच्या संख्येने गुणावे, म्हणजे २१०. २६४ ला २१० ने भागून येणारे १.२६ हे १ मधून वजा करावे. उत्तर उणे ०.२६. तीस हजारांचा दिवस येथे केवळ ‘सहावा’ ठरतो, मग आवक दहा हजार असो वा तीस.

तथापि तो दिवस खोडून टाकू नये. प्रथम दप्तर तपासावे. ३ च्या जागी ३० लिहिले गेले नाही ना, हे पाहावे. आकडा खरा असेल, तर बाजार काही दिवस बंद राहून तुंबलेला माल एकदम आला काय, याची चौकशी करावी. शेतकऱ्यास सांगावयाचे ते एवढेच, की असा लोंढा आला तेव्हा भाव कोसळला. पाच ते नऊ हजारांच्या नित्याच्या आवकीत एक-दोन हजारांच्या फरकासाठी माल अडवून ठेवण्यास या आकड्यांचा आधार नाही.

कारण माल ठेवणे फुकट होत नाही. चाळीतील कांद्याची घट सुरुवातीस थोडी व पुढे झपाट्याने वाढते. समजा, सहा महिन्यांअखेर एकूण घट शेकडा २, ४, ७, १२, २५, ४५ अशी होत गेली. क्रम-सहसंबंध पूर्ण १ येतो, कारण घट दर महिन्यास वाढतेच आहे. रेषीय ०.९२ येतो, तोही मोठाच. पण त्याची सरळ रेषा पहिल्या महिन्यात घट शून्याहून चार टक्के कमी दाखविते, म्हणजे कांदा ठेवल्याने वाढला! वक्र संबंधास सरळ पट्टी लावल्याचा हा परिणाम होय.

म्हणून रेषीय रीत टाकाऊ ठरत नाही. नमुन्यांचे ओले व सुके वजन यांसारखी मोजलेली मापे आलेख कागदावर रेषेजवळ पडत असतील, तर तीच घ्यावी. क्रमांक लावताना मापांतील माहिती वाया जाते, आणि ‘एकास किती’ हे क्रम सांगत नाही. उलट दोन पारखी नजरेने कांद्याचे नमुने पहिला, दुसरा, तिसरा असे लावतात, तेथे मुळात मापच नसते. तेथे क्रमाचीच रीत चालते. चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग ठरल्या मापाचे निघतात, बाजाराचे आकडे तसे शिस्तीचे नसतात. यास्तव आलेख आधी काढावा. नत्राची मात्रा वाढविल्यास उत्पन्न आधी वाढते व पुढे घटते. अशा ठिकाणी दोन्ही रीती शून्याजवळ उत्तर देऊ शकतात आणि संबंध मात्र डोळ्यांना स्वच्छ दिसतो.

दोन दिवसांचा भाव सारखा असल्यास त्यांच्या क्रमांकांची सरासरी दोहोंना द्यावी. तिसरा व चौथा क्रमांक असतील तर प्रत्येकी साडेतीन. असे सारखे भाव बरेच असतील, तर क्रमांकांवर रेषीय सूत्रच चालवावे. सहाच दिवसांचे आकडे असतील, तर क्रम-सहसंबंध ०.८९ च्या आसपास येईपर्यंत तो योगायोग नव्हे असे म्हणू नये. निदान एका हंगामाच्या सर्व बाजारदिवसांची नोंद जमवावी.