दोष कोठें आहे?

घरांतील बिनतारी इंटरनेट बंद पडलें कीं, मोडेमवरील रीसेटच्या छिद्रांत टाचणी खुपसण्याचा मोह होतो. आम्हींही एकदां तसें केलें; त्यासरशीं मोडेममध्यें नोंदलेलें नांव व पासवर्ड पुसले गेले, आणि मुलाचा परीक्षेचा अर्ज त्या रात्रीं राहून गेला. म्हणून प्रथम दोष शोधावा. डीएसएलचा दिवा स्थिर नसेल, तर टेलिफोनची तार व फिल्टर तपासावे. दिवा स्थिर असल्यास संगणक केबलनें मोडेमला जोडावा. तसें काम चाललें, तर दोष बिनतारी भागांत आहे असें समजावें. मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीही २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतीलच असतात. मोडेम तिच्यापासून दूर ठेवावा. केबलनेंही चाललें नाहीं, तरच कंपनीस कळवावें. निदानावांचून औषध देऊं नये, हें यंत्रासही लागू आहे.